बिस्किटाच्या डब्यातला आवाज

१९८६ साली रमजान मे महिन्यात आला होता. भातकापणी उरकली होती, ओढ्याचं पाणी खाली गेलं होतं आणि जावा बेटावरच्या करंगदुवुर गावात वीज येऊन पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. बटण दाबलं की म्हातारी माणसं अजून दचकायची.

मार्सिनीला त्या दिवसांत एकच घोर लागला होता. नवरा राहतो की जातो?

पार्लान वोनोगिरीकडचा. लग्नानंतर तो सासरीच राहायला आला होता. मार्सिनीच्या बापाला मुलगा नव्हता आणि बायकोही वारलेली. बाप गावच्या मशिदीचा मोदिन, घर मशिदीला लागूनच. अजान द्यायची, मशीद झाडायची, लग्नाला आणि मयताला दुआ मागायची, सगळं त्याच्याच अंगावर. त्याचं खरं नाव लोक विसरले होते, सगळे त्याला पाक मोदिन, म्हणजे मोदिनबाबाच म्हणायचे. पार्लानला रेडिओ दुरुस्त करता यायचे, पण गावात रेडिओ होते तरी किती? आणि जे होते ते बिघडले की लोक क्लातेन शहराच्या बाजारात नेत. परगावच्या जावयाच्या हातात आपला रेडिओ कोण देणार?

अशात त्याचा चुलतभाऊ वागिमिन येऊन गेला. तो दूर टांगरांग शहरात कापडाच्या गिरणीत होता. "ईदला येतो," तो म्हणाला, "परत जाताना तुला घेऊनच जातो. तयार राहा."

पार्लान खाली बघून म्हणाला, "इंगिह, दादा."

त्याच आठवड्यात पाक मोदिन जेवताना म्हणाले, "पार्लान, मशिदीला भोंगा लावावा म्हणतो. माझा घसा बसत चाललाय. बेदुग कितीही बडवा, ढोलाचा आवाज बांबूच्या बेटापलीकडे जात नाही. नदीपलीकडची माणसं अंदाजानं रोजा सोडतात. यंत्र तू करशील?"

पार्लान खाली बघून म्हणाला, "इंगिह, पाक."

मोठ्या माणसाला इंगिह म्हणायचं, म्हणजे हो जी. जावामध्ये मूल बोलायला लागलं की पहिल्यांदा हेच शिकतं. पण इंगिह सगळे सारखे नसतात. एकाचा अर्थ हो. एकाचा अर्थ ऐकलं. आणि एकाचा अर्थ, आता मला सोडा. लग्नाला वर्ष होत आलं तरी नवऱ्याचे इंगिह मार्सिनीला नीट वेगळे करता येत नव्हते. भावाला म्हटलेला खरा की बापाला म्हटलेला?

शेजारची म्बाह त्रिमो, म्हणजे त्रिमो आजी, एकटी राहायची आणि रमजानात नारळाच्या दुधातली केळी विकायची. मार्सिनीनं मन मोकळं केलं ते तिच्याकडे.

"तुझा नवरा जेवताना आणखी भात नको म्हणतो का कधी?" म्हातारीनं विचारलं.

"नाही हो म्बाह. वाढला तेवढा खातो."

"मग अजून पाहुणाच आहे. पाहुणा नको म्हणत नाही. जो म्हणतो, 'बास, खारट झालंय,' तो घरचा."

त्या रात्री भात वाढताना मार्सिनीची नजर नवऱ्याच्या ताटावरच होती.

पार्लाननं क्लातेनच्या बाजारातून आवाज मोठा करणारी चिप आणली. काळी, अंगठ्याच्या नखाएवढी, पाच पायांची, पाठीला पत्र्याची पट्टी. म्बाह त्रिमोनं ती तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेली.

"एवढीशी? आणि ही नदीपलीकडे हाक मारणार? माझी कोंबडी बरी."

बाकीचं सामान इथलं तिथलं. मेलेल्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर, आणि पेटी म्हणून गेल्या ईदचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मार्सिनी त्यात शेंगदाण्याचे पापड ठेवायची. तिनं पापड पिशवीत काढले, डबा पुसून दिला.

पहिली चिप लावल्या लावल्या जळाली. एक बारीक ठिणगी, माशाचं खवलं करपल्यासारखा वास, आणि संपलं. पार्लाननं चिप काढून उलटीपालटी करून बघितली. मग हळूच म्हणाला, "तिच्या पाठीलाही वीज असते. ती मी डब्याला टेकवली." पुन्हा क्लातेन. या वेळी त्यानं जुन्या इस्त्रीतला अभ्रक सोलून पातळ पापुद्रा काढला, तो चिप आणि पत्रा यांच्यामध्ये घातला. चिप तापते म्हणून मार्सिनीच्या आईच्या जुन्या पातेल्याचं ॲल्युमिनियमचं झाकण कापून तिच्या पाठीशी बसवलं. आईचं झाकण मागताना तो अडखळला. मार्सिनीनं ते आपणहून त्याच्या हातात ठेवलं.

मग आवाज आला, पण त्याच्या मागे एक गुणगुण. हंऽऽऽ, सारखी, न थांबणारी. माईकमध्ये कोणी बोललं नाही तरी भोंगा आपला घुमतोच आहे. मशिदीच्या पडवीत पहिल्यांदा लावून बघितला तेव्हा म्बाह त्रिमो रस्त्यावरून ओरडली, "पाक मोदिन, भुंगा नमाजाला आलाय का हो? पहिल्या रांगेत बसवा त्याला!"

लोक हसले. पाक मोदिनही हसले. पार्लानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

त्यानंतर रोज दुपारी तो डबा उघडून बसायचा. अर्थिंगच्या म्हणून ज्या तारा होत्या त्या डब्यात जागोजाग जोडल्या होत्या. त्या एकेक सोडवून तो एकाच स्क्रूवर आणत होता. मार्सिनी भोंग्याला कान लावून बसायची, कारण तिचे कान तिखट.

"अजून?" तो विचारायचा.

"अजून."

"आता?"

"कमी झालं. पण आहे."

असं किती वेळा झालं कोण जाणे. एका दुपारी तो म्हणाला, "आता?" आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. तिला वाटलं, वीज गेली. तिनं वर बघितलं तर बल्ब जळत होता. माईकपाशी पार्लाननं बोटानं तांदळाचा एक दाणा ताटलीत टाकला आणि भोंग्यातून टण्णकन आवाज आला.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."

तो हसला. लग्नानंतर तो एवढा हसलेला तिनं पहिल्यांदा पाहिला. पण संध्याकाळी तिला दिसलं, खुंटीवरच्या त्याच्या कापडी पिशवीचा तुटलेला पट्टा नव्यानं शिवलेला होता.

"मास," तिनं नवऱ्याला हाक मारून विचारलं, "जायचं ठरलंय का?"

"वागिमिनदादा म्हणतायत तसं."

"तुम्ही काय म्हणताय?"

त्यानं खुंटीवरची पिशवी सारखी केली. "हे यंत्र नीट चाललं, तर लोक कामं आणतील. बघू." तेव्हापासून मार्सिनीचा सगळा जीव त्या डब्यात गेला. अजान व्हायची वेळ आली की ती हातातलं काम टाकून दारात यायची. भोंगा नीट बोलला की तेवढ्यापुरता श्वास सुटायचा.

रमजान अर्धा झाला. भोंगा नारळाच्या झाडावर चढला होता, नदीपलीकडची माणसं येऊन पाक मोदिनचा हात धरून गेली होती. एकानं तर बंद पडलेला रेडिओही आणून ठेवला. आणि त्याच दिवशी दुपारी पाक मोदिनना नवीन सुचलं.

"पार्लान, माईक आतून पडवीत आण. बेदुगपाशी. पलीकडच्यांना नुसती माझी अजान जाते, बेदुग जात नाही. म्हशीच्या कातड्याचा एवढा मोठा ढोल माझ्या आज्यानं बसवलाय, तो त्यांनी ऐकायला नको?"

पार्लान म्हणाला, "पाक, ती वायर…"

"पुरत नाही? लांबव की."

पार्लानचं तोंड उघडं होतं. ते मिटलं. "इंगिह, पाक."

स्वयंपाकघरात मार्सिनीच्या हातातली पळी थांबली. हा इंगिह तिसऱ्या अर्थाचा, आता मला सोडा. हा तिला ओळखू आला.

ती बाहेर आली तेव्हा तो दिव्याची साधी वायर माईकच्या वायरीला जोडत होता.

"हीच चालते?"

"चालायला हवी. माईकची वेगळी असते, वरून जाळीनं झाकलेली. ती इथे कुठे आहे?"

"मग सांगा ना बाबांना."

"तू सांग."

"मी मुलगी. माझं कोण ऐकतं?"

"आणि मी जावई," तो म्हणाला, आणि चिकटपट्टी दातानं तोडली.

उन्हं उतरली. उसाच्या शेतांपलीकडे रेडिओ केंद्राचा लोखंडी मनोरा उभा होता, सूर्य त्याच्यामागे उसाकडे उतरत होता. घरोघरी ताटं मांडून माणसं बसली होती. म्बाह त्रिमोनं आपल्यापुरती केळी वाटीत काढून ठेवली होती. पार्लाननं डबा चालू केला आणि तो तोंडहात धुवायला विहिरीवर गेला. पाक मोदिन तिथेच होते.

भोंगा खाकरला. मार्सिनीनं मान वर केली.

दुग. दुग. दुग. दुग-दुग-दुग-दुग.

गावभर भांडी वाजली. नदीपलीकडे कोणी तरी मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणालं. आज कसा पलीकडे ऐकू गेला, असं म्हणत मार्सिनीनं गोड चहाचा घोट घेतला आणि तो घशाखाली उतरताना तिची नजर पडवीकडे गेली. बेदुगपाशी कोणीच नव्हतं. टिपरू खुंटीला टांगलेलं होतं.

विहिरीकडून पाक मोदिन ओल्या दाढीनं धावत आले. "कोण वाजवतंय? कोण वाजवतंय रे?"

तेवढ्यात भोंग्यातून एक पुरुषी आवाज सगळ्या गावावर गरजला: "राजकुमार, पळा! सैनिक मशिदीला वेढा घालतायत!" आणि घोड्यांच्या टापा.

रेडिओवरचं रोजच्या संध्याकाळचं नाटक. गाव रोज ऐकायचं ते. त्या दिवशी राजकुमार मशिदीत लपला होता आणि तिथल्या पहारेकऱ्यानं बेदुग वाजवून त्याला सावध केलं होतं. उसापलीकडचा मनोरा, दिव्याची उघडी वायर आणि बिस्किटाचा डबा मिळून भोंग्याचाच रेडिओ झाला होता.

सूर्य अजून उसावर होता.

रस्त्याच्या मधोमध म्बाह त्रिमो गाल फुगवून उभी होती. तोंडात केळं. "गिळू की थुंकू?" ती घुसमटत ओरडली. "अरे कोणी तरी सांगा!"

"थुंका!" पाक मोदिन ओरडले.

"गिळलं!" ती म्हणाली.

त्या वेळी कोणी हसलं नाही. माणसं पडवीसमोर जमली. दिवसभराचा उपास, तो असा वाया गेलेला. एकजण म्हणाला, "परगावच्या माणसाकडून करून घेतलं की असंच." दुसरा म्हणाला, "क्लातेनला विकत मिळत होतं की." आपला रेडिओ ठेवून गेलेला माणूसही आला, काही न बोलता तो रेडिओ काखेत मारून निघाला. पार्लान वायरीचं टोक हातात घेऊन मान खाली घालून उभा होता. जो जे बोलेल त्याला इंगिह म्हणत होता. इंगिह, चूक झाली. इंगिह, माझीच. मार्सिनी दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, प्रत्येक इंगिहबरोबर तो पिशवीत एकेक कपडा घालतोय.

खरी वेळ झाली तेव्हा पाक मोदिननं स्वतः बेदुग वाजवला, भोंगा बंद ठेवून. नमाज झाली. माणसं पडवीत बसली, कोणी उठेना.

"रोजा गेला," पाक मोदिन म्हणाले. "ईदनंतर सगळ्यांनी एकाच दिवशी भरून काढायचा. मीही. घोट घेतला नसला तरी धरीन." मग त्यांनी जावयाकडे बघितलं. "आता उद्याचं. वायर राहू दे. डबा फक्त ऐन वेळेला चालू करायचा, आधी नाही. म्हणजे झालं. काय, पार्लान?"

सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होते. घरात दाराआड मार्सिनी भिंतीला टेकली.

शब्द आला नाही. पार्लाननं चहाचा पेला खाली ठेवला. तो बशीवर किणकिणला.

"म्बोतेन, पाक."

नाही. सासऱ्याला, भर पडवीत, गावासमोर. कोणी तरी खोकलं.

"वायर राहणार नाही," पार्लान म्हणाला. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "ऐन वेळेला लावला तर ऐन वेळेला नाटक येईल. ती वायर म्हणजे एरियल आहे. डब्याच्या तोंडाशी एक लहान कपॅसिटर हवा होता, रेडिओला बाहेर अडवायला. तो मी घातला नाही, घाई केली. ती चूक माझी. पण वायर तुमची, पाक. झाकलेली मिळेपर्यंत माईक आतच राहील. बेदुग पलीकडे जाणार नाही."

"अग्गबाई," अंधारातून म्बाह त्रिमो म्हणाली, "जावयाला तोंड आहे!"

पाक मोदिनच्या कपाळावरची शीर उडत होती. मार्सिनीला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत.

"दुपारी का नाही बोललास?"

"बोलायला हवं होतं."

म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळली. "आज्याचा बेदुग," तो पुटपुटला. मग घराकडे तोंड करून लेकीला ओरडला, "न्दुक! भात आण. भांडायचं तर उपाशीपोटी नको."

मार्सिनीनं ताट आणलं. पार्लानला वाढलं, आणखी वाढायला पळी पुढे केली.

"बास," तो म्हणाला. "आणि भाजी खारट आहे आज."

मार्सिनी पळी घेऊन घाईनं आत गेली. तिला तोंडावर पदर ओढून घ्यावा लागला, हसताना कोणी बघू नये म्हणून. म्हातारीनं मात्र बाहेरून पाहिलंच.

ईदला वागिमिन आला. त्याच्यापाशीही पार्लाननं तोच शब्द, म्बोतेन, उच्चारला, या वेळी पेला न किणकिणता. वागिमिन फुरंगटून एकटाच बसमध्ये चढला.

पुढे तो गिरणी बंद पडेपर्यंत टांगरांगलाच राहिला, मग वोनोगिरीला परतून मटणाच्या गोळ्यांच्या सूपची गाडी लावली. ती चांगली चालली, आणि राग कधीच ओसरून गेला होता. पाक मोदिन १९९३ साली वारले. त्यांच्या हयातीत झाकलेली वायर आली, बेदुग नदीपलीकडे गेला, आणि ऐकायला ते स्वतः पलीकडे जाऊन उभे राहिले होते. म्बाह त्रिमो मरेपर्यंत रमजानात भोंगा वाजला की आधी सूर्याकडे बघायची, मगच केळं तोंडात घालायची. रेडिओ परत नेणारा माणूस पुढच्याच महिन्यात तो घेऊन आला. पार्लानचं दुकान घराच्या पडवीतच निघालं, आसपासच्या सात-आठ मशिदींचे भोंगे त्यानं केले. आता त्याला बारीक तारा दिसत नाहीत, दुकान मुलगी बघते.

मशिदीत हल्ली विकतचं मोठं यंत्र आहे. जुना डबा मार्सिनीकडे परत आला. ती त्यात शेंगदाण्याचे पापड ठेवते. बाजूला स्क्रूंची भोकं आहेत, त्यातून हवा जाते आणि पापड मऊ पडतात. दर ईदला पार्लान म्हणतो, दुसऱ्या डब्यात ठेव. मार्सिनी म्हणते, इंगिह, मास, आणि त्याच डब्यात ठेवते.