नव्याण्णव दशांश नऊ

मी पेट्रोल पंपांची मापं तपासतो. पाच लिटरचं सरकारी माप नळाखाली धरायचं, गळ्यावरची रेघ डोळ्यांच्या समोर आणायची आणि मर्यादेपेक्षा चार थेंब जरी कमी भरले तरी पंपाला सील ठोकायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. पंपवाले मला पाठीमागे थेंबसाहेब म्हणतात. ते मला माहीत आहे आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही.

माझी बायको दातांची डॉक्टर. मागच्या वर्षी तिने स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली. छोटीशीच, पण उंची. मऊ कातडी सीटांची, बॅटरीवरही चालणारी आणि पेट्रोलवरही. घरी प्लग लावून ठेवला की पन्नास किलोमीटर बॅटरीवर निघतात. एसी लावला तर चाळीस धरा. तिचा दवाखाना अठरा किलोमीटरवर, म्हणजे जाऊन येऊन छत्तीस. पेट्रोलला हात लावायचं कारणच नाही.

पहिले चार महिने गाडीचा पडदा दाखवायचा, लिटरला नव्याण्णव दशांश नऊ किलोमीटर. त्याच्या पुढचा आकडा त्या पडद्याला येतच नाही. मी हरखून गेलो. फ्रिजवर तक्ता चिकटवला. दर सोमवारी सकाळी पडदा शून्यावर आणायचा आणि रोज संध्याकाळी सरासरी लिहायची. ती दारातून आत आली की मी पेन घेऊन उभा. "किती आला?" ती चपला काढता काढता सांगायची. मग मी पुढचं विचारायचो: एसी कितीवर होता, चढावर पाय किती दाबलास, सिग्नलला ब्रेक आधीपासून हलका का नाही लावलास. माझी धाकटी बहीण एकदा म्हणाली, "दादा, वहिनी घरात आली की तू आधी तिच्याकडे बघतोस की फ्रिजकडे?" सगळे हसले. बायको पाणी आणायला आत गेली होती.

पाचव्या महिन्यात आकडा घसरला. अठ्ठ्याऐंशी. मग एकाहत्तर. मग साठ. आणि किलोमीटर बघावेत तर तेवढेच, रोज छत्तीस, इकडे ना तिकडे. गाडी कुठेही न जाता पेट्रोल पीत होती. माझं डोकं फिरायची वेळ आली. गळती असेल म्हणून गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली, सकाळी ओणवा होऊन एकेक पान तपासलं. एक डाग नाही. जेवताना घास हातात तसाच राहायचा. ऑफिसात दुसऱ्यांची मापं बघत होतो आणि मनात घरचा हिशेब लागत नव्हता.

शेवटी एका रविवारी गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ मान खाली घालून बघत राहिला.

"साहेब, गाडी ठणठणीत आहे."

"मग पेट्रोल जातं कुठे?"

"उभ्या गाडीत जातंय. बॅटरी संपत आली आणि एसी चालूच असला की इंजिन आपोआप सुरू होतं. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास गाडी तास-तासभर उभी दिसतेय." तो लॅपटॉप मिटत म्हणाला, "कोणीतरी बसत असेल आत."

कोणीतरी. ती एकटी असती तर घरी आली नसती का? गेले दोन महिने तिला उशीर होत होता आणि रोज उत्तर एकच, ट्रॅफिक. एकवीस वर्षांच्या संसारात हा विचार मला कधी शिवला नव्हता, आणि आता तो जाता जाईना.

गुरुवारी अर्धी रजा टाकली आणि सहा वाजता दवाखान्यासमोर टॅक्सीत बसून राहिलो.

"कोणाच्या मागावर आहात, काका?" ड्रायव्हरने विचारलं.

"बायकोच्या."

बिचाऱ्याने समोरचा आरसा दुसरीकडे वळवला.

ती एकटीच बाहेर पडली. कुठे थांबली नाही, कुठे वळली नाही, सरळ घराच्या रस्त्याला लागली. मला जरा हायसं वाटतंय तोच आमच्या घराच्या अलीकडच्या गल्लीत ती वळली आणि लाँड्रीच्या भिंतीला लागून गाडी उभी केली. तिथून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. म्हणजे अगदी माझ्या नाकासमोर! टॅक्सी सोडली आणि कोपऱ्याआड उभा राहिलो. येऊ दे तो, म्हटलं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. कोणी आलं नाही. तिने सीट मागे पाडली होती, डोळे मिटले होते. गाणं नाही, काही नाही. तिसाव्या मिनिटाला गाडीतून बारीक घरघर सुरू झाली. बॅटरी संपली होती.

मला राहवेना. मी तिथूनच फोन लावला. तिने पडद्यावर माझं नाव बघितलं, लगेच उचलला नाही. सरळ बसली, एक मोठा श्वास घेतला, मग उचलला.

"कुठे आहेस?"

"ट्रॅफिकमध्ये. येतेच."

आणि त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडून निघून गेलं, "किती दिसतोय?"

ती पुढे वाकली. डोळे बारीक करून तिने पडदा वाचला. "अठ्ठावन्न दशांश एक."

फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती तशीच राहिली.

मी किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही, आणि माझ्या बाबतीत हे विशेषच. मग जाऊन काचेवर बोट वाजवलं. ती दचकली. दार उघडलं, मी शेजारी बसलो.

"मला वाटलं, कोणीतरी आहे," मी म्हणालो.

"कोणी नाहीये." ती समोर बघत होती. "कोणी नसतं, म्हणून तर बसते. दिवसभर मी लोकांना 'आ करा' म्हणते. घरी आले की तू मला आ करायला लावतोस. मधे थोडा वेळ मला तोंड मिटून बसायचं असतं."

मला शरम वाटली. तरीही विचारायचं होतं: कधीपासून, रोज किती मिनिटं, आधी का नाही सांगितलंस. मी तोंड उघडलं.

"मीट," ती म्हणाली, पेशंटला सांगते त्याच आवाजात.

मिटलं. इंजिन घरघरत होतं. समोर सत्तावन्न दशांश नऊ आला, मग आठ. माझा पाय हलायला लागला, तो मी गुडघ्याशी धरून ठेवला.

"किती आला?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"बघितला नाही."

तिने एक डोळा उघडून माझा धरलेला गुडघा बघितला. "अजून दहा मिनिटं," ती म्हणाली आणि सीट पुन्हा मागे पाडली.

घड्याळ बांधलेला हात मी मांडीखाली दाबून बसलो.