नसलेला रॅम्प पाडताना

मिस्त्रीने आजवर निम्म्या शहराला पायऱ्या बांधून दिल्या होत्या. दुकानांना दिल्या, बँकेला दिल्या, आणि नगरपालिकेच्या कचेरीसमोरचा तो गुळगुळीत रॅम्पही त्याच्याच हातचा. त्याच रॅम्पवरून चढून तो गेले पाच महिने स्वतःच्या घरापुढे एक रॅम्प बांधायची परवानगी मागत होता. यात काही विनोद आहे असं कचेरीत कुणाला वाटलं नाही. विनोदाचा विभाग तिथे नव्हता, असता तर त्याचाही ना-हरकत दाखला लागला असता.

मागणी काय, तर नखाएवढी. घराचं दार थेट फुटपाथवर उघडायचं आणि मध्ये तीन पायऱ्या होत्या. मागच्या वर्षी आईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि त्या तीन पायऱ्या तिला डोंगरासारख्या झाल्या. पस्तीस वर्षं टपाल वाटत पायी हिंडलेली बाई ती, आता चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसून नवी पोस्टवाली कुणाची पाकिटं कुणाच्या दारात टाकते ते मोजायची. सुरुवातीला मिस्त्री तिला पाठीवर घेऊन खाली उतरवायचा. एकदा दुसऱ्या पायरीवर त्याचा तोल गेला आणि दोघंही आडवे झाले. त्यावर आईने सांगून टाकलं, "यापुढे मला उचलायचं नाही. मी काय सिमेंटची गोणी आहे?" त्याला अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत आईने उंबरा ओलांडला नव्हता.

बरं, काम तरी केवढं? भिंतीला लागून तीन फूट रुंदीचा उतार, एका दिवसाचा खेळ. पण फुटपाथ पालिकेचा आणि मिस्त्रीचा परवानाही पालिकेचाच. बिनपरवानगी वीट ठेवली तर परवाना रद्द, आणि घर त्या परवान्यावर चालायचं. म्हणून तो सरळ मार्गाने गेला. सरळ मार्ग पहिल्या मजल्यावर, खिडकी क्रमांक चारला सुरू व्हायचा आणि जेवणाच्या सुट्टीपाशी संपायचा.

खिडकीतल्या चष्मेवाल्या बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, फक्त त्यांना कागद अपुरे पडायचे. आधी नकाशा हवा झाला. मग शेजाऱ्यांची संमती. मग फुटपाथच्या रुंदीचा दाखला, जो रस्ते विभाग अर्जाला क्रमांक पडल्याशिवाय देत नव्हता. आणि अर्जाला क्रमांक? तो बाई रुंदीच्या दाखल्याशिवाय देत नव्हत्या. फुटपाथ दहा फूट रुंद होता, हे त्यावरून चालणाऱ्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, पण कुत्र्याची सही चालत नाही. मिस्त्रीच्या नाकी नऊ आले. घरी आला की आई विचारायची, "आज काय कमी पडलं?" तो म्हणायचा, "माझी अक्कल."

शेवटी एकदाचा क्रमांक पडला आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. त्याच आठवड्यात नवं परिपत्रक निघालं होतं, की फुटपाथसंबंधीच्या प्रत्येक नकाशाची एक प्रत अतिक्रमण विभागाला जावी. बाईंनी इमानेइतबारे पाठवली. अतिक्रमण विभागाच्या साहेबांपुढे आजवर फक्त झालेल्या बांधकामांचे कागद आले होते, न झालेल्या बांधकामाचा नकाशा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी खुर्चीतून न उठता लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणी केली. बांधकाम अनधिकृत आहे. पाडावे." ज्या पालिकेला परवानगीला पाच महिने पुरले नव्हते, तिची नोटीस चौथ्या दिवशी घरपोच आली.

पाचव्या दिवशी पथक आलं. एक ट्रक, चार हातोडेवाले आणि काखेत फाइल घेतलेला, घामाघूम झालेला पथकप्रमुख.

"रॅम्प कुठाय?" त्याने विचारलं.

"बांधलाच नाही," मिस्त्री म्हणाला. "त्याचीच परवानगी मागतोय."

पथकप्रमुखाने पायऱ्यांकडे पाहिलं, मग फाइलीकडे पाहिलं, आणि फाइलीवर विश्वास ठेवायचं ठरवलं. "असं कसं? साहेबांनी बघितलाय."

"मग लिहा ना, सापडला नाही म्हणून."

"तसा रकानाच नाही हो. एक 'पाडला' आणि दुसरा 'विरोध झाला'. आणि मी नाही म्हटलं तर साहेब खोटे पडतात. साहेब पडले की ते माझ्याच अंगावर पडणार." मग जरा आशेने त्याने विचारलं, "तुम्ही विरोध करताय का?"

"कशाला करू? पाडायला काही आहे का?"

पथकप्रमुख पायरीवर बसला. त्याचं घोडं फोटोंवर अडलं होतं. फाइल बंद करायला दोन फोटो लागत, एक कारवाईआधीचा आणि एक कारवाईनंतरचा. नंतरचा आत्ता काढता आला असता, जागा लख्ख मोकळी होती. पण आधीचा कुठून आणायचा? थोडा वेळ डोकं खाजवून तो अगदी अजिजीने म्हणाला, "मिस्त्री, एवढं करा. एक छोटासा बांधा. आम्ही लगेच पाडतो."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाच महिने तुमच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा बांधू दिला नाहीत. आता पाडायला म्हणून बांधू?"

"आत्ताच फोटो काढा की," खिडकीतून आईचा आवाज आला.

दोघांनी वर पाहिलं.

"पाडल्यानंतरचा हो," आई म्हणाली. "तो आधी काढून घ्या. मग हा रॅम्प बांधेल, तेव्हा पाडण्याआधीचा काढा. दोन फोटो झाले, तुम्ही मोकळे."

पथकप्रमुखाने मनातल्या मनात हिशेब मांडला. "पण मावशी, मग रॅम्प राहतो ना."

"कागदावर कुठे राहतो? तुमची नोकरी कागदावर की फुटपाथवर?"

हातोडेवाल्यांपैकी एकजण तोंड फिरवून हसला. मिस्त्रीला मात्र हसू येईना, त्याच्या डोळ्यांपुढे परवाना नाचत होता. "आणि उद्या दुसरं पथक आलं तर?"

"एकदा पाडलेलं पुन्हा पाडता येत नाही," पथकप्रमुख म्हणाला. आता त्याला ती युक्ती स्वतःचीच वाटायला लागली होती. "शिक्क्यानिशी लिहून देतो. पाडला, जागा मोकळी, फाइल बंद. असा रॅम्प नाहीच म्हटल्यावर तुमच्यावर ठपका कशाचा?"

मिस्त्री घाबरला होता, चांगलाच घाबरला होता. त्याने खिडकीकडे पाहिलं. आई त्याच्याकडे बघतच नव्हती, ती समोरच्या रस्त्याच्या पार टोकाकडे बघत होती. तो घरात गेला आणि थापी आणि ओळंबा घेऊन आला.

पथकप्रमुखाने मोकळ्या पायऱ्यांचा छान फोटो काढला. ट्रकमध्ये सकाळपासून पाडलेल्या तीन ओट्यांचा राडारोडा होताच, तो भरावाला लागला. विटाही जप्तीच्याच निघाल्या. हातोडेवाल्या चौघांनी माल कालवला, विटा रचल्या, आणि त्यातला सर्वांत थोराड गडी तर उतार सपाट करायचा पाटा मिस्त्रीच्या हातून ओढून घेत होता. बारा वर्षं या नोकरीत आहे, म्हणाला, आज पहिल्यांदा कुणी शिव्या दिल्या नाहीत. आईच्या सूनबाईने दोनदा चहा केला. दिवस मावळायच्या आत दुसरा फोटो निघाला आणि पथक कारवाई यशस्वी करून परत गेलं.

दोन दिवस मिस्त्री त्या उतारावर पाणी मारत होता. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्या बाईंचं पत्र आलं: सदर जागेवरील अनधिकृत रॅम्प नुकताच पाडण्यात आला असल्याने आपल्या अर्जाचा पुढील तीन वर्षं विचार करता येणार नाही. मिस्त्रीने ते उभ्या उभ्या वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला त्याने दार सताड उघडलं आणि खुर्चीची मूठ धरली.

"सोड," आई म्हणाली.

"अगं, पहिल्यांदा आहे, निदान उतारावर..."

"उतार तू बांधलायस ना? मग सोड."

त्याने हात काढले. आईने दोन्ही चाकं तळव्यांनी आवळत खुर्ची हळूहळू खाली नेली, फुटपाथवर आणून थांबवली आणि क्षणभर तशीच बसून राहिली. मागे वळून बघितलं नाही. मग ती डावीकडे वळली, जिथे पूर्वी तिचा टपालाचा फेरा सुरू व्हायचा, आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मिस्त्री पायऱ्यांवर उभा राहिला. मागे धावत जावं असं त्याला फार वाटलं, पण तो गेला नाही. तासभर झाला, मग दोन तास झाले. कामावर जायचंही तो विसरला.

सूनबाई ओले हात पुसत दारात आली. "अहो, आई कुठे आहेत?"

"ठाऊक नाही," मिस्त्री म्हणाला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला ते ठाऊक नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, "खरंच ठाऊक नाही गं."