खाकी कव्हरांची रांग

"त्या कपाटाला हात नाही ना लावलास?"

बायकोने फोनवर हे सहज विचारलं. दिवसभर पार्लरमध्ये बोलून तिचा आवाज बसला होता आणि मागे ड्रायरची घरघर चालू होती. रांगोबा त्या वेळी तिच्या मुलीच्या खोलीत जमिनीवर बसला होता. समोरच्या फळीवर खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं ओळीने उभी होती. ती ओळ त्याने स्वतः, थोड्या वेळापूर्वी, मोठ्या समाधानाने लावली होती.

"कुठल्या कपाटाला?" असं त्याने विचारलं आणि बायकोला तिचं उत्तर मिळालं.

"अरे देवा. काय केलंस?"

"नंबराप्रमाणे लावली. वेडीवाकडी होती. बाराच्या शेजारी तीन, तीनच्या शेजारी आठ..."

"वेडीवाकडी नव्हती. तिच्या बाबाने लावलेली होती." ड्रायरचा आवाज मागे पडला, ती बाहेर येऊन बोलत असावी. "आजारी असताना. कुठलं आधी, कुठलं नंतर, हे त्याने ठरवलं. तिने चित्रं बघून निवडू नये म्हणून सगळ्यांना एकसारखी कव्हरं घातली. डावीकडून एकेक. परीक्षा संपली की एक. पुढचं उघडायचं नाही."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस? सहलीला जाताना नेहमी खोलीला कुलूप लावते ती. या वेळी म्हणाली, असू दे आई, काका काही चोर नाहीत."

"तुला क्रम माहीत असेल ना?" त्याने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? पाठीला टॉवेल बांधून उडणारी माणसं. ते त्या दोघांचं होतं. बस निघालीय तिची. दिवेलागणीला पोचेल."

रांगोबा बस आगाराच्या स्टोअरमध्ये सुट्या भागांचा हिशेब ठेवतो. नटबोल्टांपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं त्याच्याकडे नंबराने लागलेलं असतं. रांगोबा हे नाव वर्कशॉपवाल्यांनी दिलेलं आणि आता घरीही तेच चालतं. लग्नाला वर्ष होत आलं तरी मुलीचं त्याच्याशी बोलणं "काका, मीठ" आणि "काका, वायफाय गेलंय" यापलीकडे गेलं नव्हतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच कोपऱ्यावरच्या कॉमिक्सच्या दुकानात गेला होता.

"घरात काजळपंखाच्या ग्राफिक कादंबऱ्या आहेत," तो म्हणाला होता. "कुठून सुरुवात करू?"

"छापल्या त्या क्रमाने वाचणार, की घडल्या त्या क्रमाने?" दुकानदाराने विचारलं.

"वेगवेगळे असतात?"

"साहेब, त्यावरून इथे माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलंय. निम्मी भरताड आहे, ती सोडा. आणि एकच वाचायची असेल तर 'शेवटचं उड्डाण' वाचा. पुढे रडू आलं तर मला दोष देऊ नका. सगळीच वाचणार असाल तर आत नंबर आहेत, त्याप्रमाणे जा."

नंबर हा शब्द कानावर पडला आणि रांगोबाचं पुढचं सगळं ठरून गेलं. घरी येऊन त्याने पुस्तकं खाली काढली, आतले नंबर पाहिले, 'शेवटचं उड्डाण' तिथेच बसून वाचलं आणि परत ठेवताना हाताला सवय होती तसं ठेवलं. पुस्तकांच्या मध्ये मुलीची केसांची पिवळी क्लिप खोचलेली होती. ती कचरा समजून त्याने टेबलावर टाकली होती. कुठपर्यंत वाचून झालं याची ती खूण होती, हे आता कळलं.

त्याने पुस्तकं पुन्हा खाली काढली.

डावीकडची सोपी गेली. मुलीने वाचलेल्यांच्या पाठीला घड्या पडल्या होत्या; सगळ्यात जुनी सगळ्यात मऊ. न वाचलेली मात्र कडक होती आणि बाहेरून एकसारखी. त्याने एकेक उजेडात धरून पाहिलं. एका उंच पुस्तकाच्या कव्हरावर वरच्या बाजूला फिकट पट्टा दिसला. पट्ट्याखाली कागद अजून गडद होता.

खोलीची खिडकी फळीसमोर होती. उंच पुस्तकाला बुटका शेजारी असला की वरचा उघडा भाग उन्हाने विटतो आणि शेजाऱ्याने झाकलेला तसाच राहतो. म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या अंगावर त्याच्या शेजाऱ्याची उंची उमटलेली होती.

रांगोबाने मोजायची पट्टी आणली. पुस्तकाच्या पुढच्या कव्हरावरून उजवा शेजारी, मागच्यावरून डावा. एक जुळलं, दुसरं जुळलं, तिसऱ्याला दोन दावेदार निघाले. त्यातल्या एकाची मागची बाजू जमेना, ते बाद झालं. बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला की त्याचा हात थांबे. शेजाऱ्यांचीच मोटार असे, तो पुन्हा पट्टी लावी. ऊन भिंतीवर सरकत गेलं आणि फळी भरत आली. क्लिप जागेवर गेली.

शेवटी दोन उरली. उंची एक, जाडी एक, कव्हरांवर पट्टा नाही. डावीकडचं पुस्तकही तेवढंच उंच आणि उजवीकडे कपाटाची लाकडी बाजू. एक 'शेवटचं उड्डाण', ज्यात काजळपंख मरतो. दुसरं 'पहिलं उड्डाण', ज्यात, नावावरून तरी, तो लहान असणार. हे मात्र छापलं गेलं होतं नंतर. नंबर एक सांगत होता, कथा दुसरं. आणि आजारी माणसाने पोरीसाठी सगळ्यात शेवटी काय ठेवलं असेल, मरण की सुरुवात, हे कुठल्याच कव्हरावर उमटलेलं नव्हतं.

बायकोचा पुन्हा फोन आला.

"जमलं?"

"दोन सोडून."

"मग ठेव कशीही. तिने ती पाहिलेलीच नाहीत, तिला काय कळणार?"

हे खरं होतं. रांगोबाने एक पुस्तक आत ठेवलं, दुसरं त्याच्या शेजारी ठेवलं. मग अदलाबदल केली. दोन्ही वेळा फळी अगदी बिनचूक दिसली.

स्टोअरमध्ये एक नियम होता. भाग ओळखू आला नाही तर तो कुठल्याच खणात टाकायचा नाही, टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं. हरवलेला भाग कधीतरी सापडतो. चुकीच्या खणात गेलेला गाडीला बसतो आणि गाडी घाटात बंद पडते. त्याने दोन्ही पुस्तकं काढून टेबलावर ठेवली.

मुलगी आली ती पाठीवर सॅक घेऊन सरळ खोलीत. फळीच्या उजव्या टोकाची रिकामी जागा तिला दारातूनच दिसली.

"हे कोणी काढलं?"

"मी." त्याने सगळं सांगितलं, न थांबता, दुकानदारासकट. तिने सॅक खाली ठेवली नाही.

"यात काय आहे?" तिने टेबलाकडे बोट केलं.

"सांगू?"

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की दोघंही दचकले. "तुम्ही वाचलीत?"

"एक वाचलं. दुसरं नाही."

"पुढचं उघडायचं नाही असा नियम आहे."

"मला माहीत नव्हता. आता आहे."

ती फळीजवळ गेली, क्लिपला बोट लावलं. "बाकीची बरोबर आहेत कशावरून?"

त्याने उंच पुस्तक काढून फिकट पट्टा दाखवला, शेजारचं बुटकं त्यावर टेकवलं. कड नेमकी जुळली. तिने स्वतः पुढचं काढलं, लावून पाहिलं. मग त्याच्या पुढचं.

"बाबांनी मुद्दाम केलं होतं हे?"

"नाही. उन्हाने केलं."

रांगोबा मागे सरकून दाराच्या चौकटीत उभा राहिला. आत यावं की जावं हे त्याला कळेना. मग तिने टेबलावरची दोन्ही पुस्तकं उचलून त्याच्या हातात कोंबली.

"मला तिथपर्यंत पोचायला खूप परीक्षा आहेत. तोवर दुसरंही वाचा आणि ठरवा, कुठलं आधी. आईपाशीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही. आणि नंबर बघून ठरवायचं नाही."

"बरं."

"आता जा."

दार लागलं. पाठोपाठ कडीही लागली. रांगोबा बाहेर खुर्चीत बसला, दिवा लावला आणि 'पहिलं उड्डाण' उघडलं. पंख अजून न फुटलेला एक मुलगा छपराच्या कडेला उभा होता.

थोड्या वेळाने दाराआडून आवाज आला.

"कितवं पान?"

"सांगायचं नाही ना?"

"पान सांगायला हरकत नाही."