तेलेस्फोरोंच्या टोपीवरचं जाळं

माझं लग्न एका कोळ्याने जमवलं. हसू नका, नातवंडांनो. आठ पायांचा होता, पाठीवर पिवळा ठिपका. सगळं खरं सांगतेय. थोडं कुठे वाढवलं असेल तर ते आता माझं मलाच ओळखू येत नाही.

मी बिल्बाओ शहरातली, कपडे धुणाऱ्या बाईची लेक. एलादियोशी लग्नाची बोलणी करायला आरो गावात त्याच्या घरी आले, तर त्याचे वडील, तेलेस्फोरो, द्राक्षांच्या मळ्यात गेलेले. म्हटलं, तोवर काहीतरी काम करून दाखवावं. तळघरात उतरले. अगं बाई! जुन्या लाल वाइनच्या बाटल्या आडव्या झोपलेल्या आणि अंगावर जळमटांची गोधडी! बाह्या सरसावल्या, झाडू घेतला. जेवणाच्या वेळेपर्यंत तळघर लख्ख.

तेलेस्फोरो आले. टोपी काढली, घातली, परत काढली.

"हे कुणी केलं?"

"मी, काका!" मी मोठ्या तोऱ्यात.

"अगं पोरी, ही वाइन माझ्या बापाने सहा वर्षं पिंपात सांभाळली, मी चौदा वर्षं बाटलीत. आणि बुचं पोखरणाऱ्या पतंगांपासून तिला राखलं कुणी? कोळ्यांनी! त्यांनाच हाकललंस?"

"बाबा, तिला काय माहीत..." एलादियो पुटपुटला.

"तू गप रे! पहिल्या रांगेवर पुन्हा जाळं धरेल, तेव्हाच लग्नाचं बोलायचं."

झालं. एलादियो आणि मी दारोदार कोळी मागत फिरलो. कुणी काडेपेटीतून दिले, कुणी पावाच्या टोपलीतून. पाद्रीबाबांनी तर लोक पापं कबूल करतात त्या खोपटातला दिला. त्याने आयुष्यभर इतकं ऐकलेलं, की विणायचं सोडून नुसती मान हलवत बसायचा.

तीन आठवडे गेले. जाळं नाही. आईचा निरोप आला, "बास झालं, परत ये." मी बोचकं बांधलं आणि काकांचा निरोप घ्यायला खाली गेले.

काका जेवून, पहिल्या रांगेला टेकून स्टुलावर घोरत होते. आणि त्यांच्या टोपीच्या काठापासून बाटलीच्या मानेपर्यंत, चांगलं हातभर जाळं! मधोमध पाद्रीबाबांचा कोळी.

"काका, हलू नका!"

त्यांनी एक डोळा उघडला. जाळं पाहिलं. श्वाससुद्धा जपून घेतला.

"एलादियो," ते ओठ न हलवता म्हणाले, "पाद्रीबाबांना इथेच बोलव. मी काही उठणार नाही."

तळघरातच लग्न लागलं. सासरे स्टुलावर, ताठ. त्याच रांगेतली बाटली उघडली. बुचाला एक भोक नाही. वाइनचा रंग जुन्या विटेसारखा, आणि वास... वास तुमच्या एलादियो आजोबांच्या कोटाला अजूनही येतो ना, तसा.

दोन दिवस सासरे तसेच बसून होते. मीच त्यांना चमच्याने सूप भरवलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "मामंजी, टोपी तिथेच ठेवून डोकं तेवढं काढून घ्या ना."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "हे तू आत्ता सांगतेस होय गं?"

टोपी अजून तिथेच आहे. झाडायची नाही हं कुणी.