निकितानं घेतलेली बाजू

निकिता आंघोळीला गेली तसा राजेश्रीनं तिचा मोबाइल उचलला. मैत्रिणींचे मेसेज, कॉलेजच्या नोट्स. जुगाराचं ॲप कुठंच नव्हतं. तरी संशय जाईना. पोरीनं सगळं पुसलं असणार.

राजेश्री सेलूच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. दारू पिऊन पडलेला माणूस पाय घसरला म्हणाला, तरी तिला चेहऱ्यावरून कळे. निकिताचं मात्र काही कळत नव्हतं. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ऑनलाइन जुगाराचा विषय होता. बहुतेक जण बंदीच्या बाजूनं बोलणार होते. निकितानं मुद्दाम उलटी बाजू मागून घेतली. बंदी नको, परवाने द्या, नियम लावा. तयारी करताना ती असं बोलायची, की जणू खेळणाऱ्याचे थरथरणारे हात तिनं जवळून पाहिलेत.

शेवटी राजेश्रीनं विचारलंच. "खरं सांग, तू खेळायलीस का?"

"न्हाई आई," एवढंच म्हणून निकिता पुन्हा पाठ करू लागली.

राजेश्रीनं नवऱ्याच्या कानावर घातलं. बन्सीधर शाळेत चित्रकला शिकवायचा. ताटातून डोकं वर न काढता तो म्हणाला की पोरगी शहाणी आहे, उगाच तिच्या मागं लागू नको. लाडावून ठेवलीय यांनीच, असं राजेश्रीला वाटलं.

स्पर्धेला दोघं मागच्या रांगेत बसले. निकिता व्यासपीठावर उभी राहिली.

"बंदी आली तरी खेळणारा थांबत नाही, लपतो," ती म्हणाली. "लपलेल्या माणसाला मदत मागता येत नाही. नियम असले तर निदान त्याला स्वतःहून कंपनीला सांगता येईल, मला खेळू देऊ नका."

ती परीक्षकांकडं पाहत नव्हती. तिची नजर कुठं लागलीय ते पाहत राजेश्री शेजारी वळली. बन्सीधर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

टाळ्या थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "मीच शपथ घातली होती तिला. तुला सांगू नको म्हणून."



पहिला नंबर बंदीच्या बाजूला गेला. निकिता खाली आली आणि दोघांचे चेहरे पाहून थबकली. राजेश्रीनं उठून तिच्या गालावर चिकटलेले केस मागं सारले.

"आता सोडलंय मी," बन्सीधर म्हणाला.

खरं बोलायलेत का, ते राजेश्रीला ओळखू येईना. मायलेकी दाराशी जाऊन थांबल्या. तो अजून तिथंच बसला होता, आणि शिपाई एकेक पंखा बंद करत त्याच्या रांगेकडं येत होता.