आईची न्हाणी

बंबाच्या नळाखालच्या शहाबादी फरशीत एक खळगा पडला आहे, करंगळीचं टोक बसेल एवढा. नळ कधीच पूर्ण बंद होत नसे. थेंबाथेंबाने तो खळगा कोरला गेला.

या पौषात मी कोल्हापूरला माहेरी आले, तेव्हा माझ्या भावाने, अभिनंदनने, गच्चीवर हीट पंप बसवून वर्ष होत आलं होतं. घरभर त्याचंच गरम पाणी. फक्त आईची न्हाणी सोडून. ती अजून पहाटे परसात बंब पेटवायची आणि दुपारपर्यंत खोकायची. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं, त्यावर तिचं एकच उत्तर होतं, "बघू की."

"हवेतली ऊब ओढून पाण्याला देतो तो," मी समजावलं. "फ्रिजसारखाच, फक्त उलटा."

"ह्या थंडीत हवेत कसली आलीय ऊब?"

"थंड हवेतही असते, आई."

"मग आम्हालाच कशी लागत न्हाय ती?"

अभिनंदन हसला. "फिजिक्स शिकवतीस न्हवं? दे आता उत्तर."

शाळेच्या दिवसांत आम्ही दोघं बंबाच्या तापल्या तांब्याला न टेकता, पण जमेल तितकं जवळ उभे राहायचो. पेटवण्याआधी आई प्रत्येक लाकूड दगडावर आपटायची, सालीच्या फटी कुंच्याने झाडायची. जीव दिसला, की ते लाकूड बाजूला. "आपल्या आंघोळीपायी कुणी जळायला नको," म्हणायची. आम्ही कुडकुडत थांबायचो. मग धूर, मग कढत पाणी, आणि दिवसभर केसांना तो वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले. आईने लाकूड आपटलं, झाडलं आणि बंबाच्या तोंडाशी नेलं. सालीवर मुंग्यांची रांग चालली होती.

"आई, थांब. मुंग्या आहेत."

"झाडलं की आत्ता."

तिने लाकूड उजेडात धरलं, डोळ्यांजवळ आणलं. तिला काहीच दिसलं नाही. मग तिने सालीवर तळवा ठेवला. मुंग्या तिच्या मनगटावर चढल्या.

तिने लाकूड हलकेच पेरूच्या बुंध्याशी टेकवलं.

"कालबी असंच झालं असंल का गं?"

अभिनंदन दात घासत दारात आला होता.

"अभी," ती म्हणाली, "माझ्या न्हाणीलाबी पाइप जोडून घे. बंब आता पेटवायचा न्हाय."