चार दशांशांचा फरक

पाऱ्याचं टोक सपाट नसतं. नळीत ते किंचित फुगलेलं असतं आणि वाचायचा तो त्या फुगवट्याचा माथा. डोळा बरोबर त्याच पातळीवर हवा. खालून पाहिलं, तर मागच्या पट्टीवर पारा उगाच वर चढलेला दिसतो.

"लांब उभी राहा," आई दगडावर चढत म्हणाली. "तुझ्या श्वासानं तापवशील त्याला."

या टेकडीवर येऊन आई एकतीस वर्षं रोज सूर्योदयाला तापमान नोंदवते आहे. एकशे बारा पायऱ्या, माथ्यावर झडपांची पांढरी पेटी, आत तापमापक. पेटीसमोरचा दगड आई नोकरीला लागली तेव्हा गवंड्यानं तिच्या डोळ्यांची उंची मोजून बसवला होता. दोन वर्षांपूर्वी शेजारी एक यंत्र आलं. ते आईपेक्षा चार दशांश कमी दाखवायचं. यंत्र मान्य असल्याची सही करा, हाताची नोंद बंद करू, असं पत्र हवामान खात्याच्या ऑफिसातून आलं, तेव्हापासून ते नोंदवहीत तसंच पडून होतं.

"सात पॉइंट सहा," आई म्हणाली आणि तिनं ते नोंदवहीत लिहिलं. यंत्रावर सात पॉइंट दोन होते. "बघितलंस? त्या डबड्याला थंडी जरा जास्तच वाजते. चढ, तूही वाच. विज्ञानाच्या बाई साक्षीला असल्या की साहेब गप्प बसतील."

मी शाळेत विज्ञान शिकवते. उंची आईची तेव्हा होती तेवढीच; तिचा लग्नाआधीचा कोट मला अजून नेमका बसतो. दगडावर उभी राहिले आणि पारा अगदी माझ्या डोळ्यांसमोर आला.

सात पॉइंट दोन.

कारण लगेच कळलं. आईच्या पाठीला बाक आला होता, डोळे खाली आले होते. दगड होता तेवढाच होता.

"अगं, बोल की. पारा गोठला की तू?"

"सात... दोन."

आई माझ्याकडे बघत राहिली, मग दगडाकडे. पेटीमागे दाराला लावायची वीट होती, ती तिनं उचलून आणली आणि दगडावर ठेवली.

"हात दे."

माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती विटेवर चढली. श्वास रोखला. मला तिच्या बोटांचा दाब जाणवत होता.

"सात दोन," ती म्हणाली आणि खाली उतरली.

तिनं नोंदवही उघडली. तिच्या वहीत खाडाखोड नसते. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. सहावर तशी रेघ मारून तिनं वर दोन लिहिले, सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'फरक माझ्या डोळ्याच्या पातळीचा. यंत्र बरोबर. चूक यंत्राच्या आधीपासूनही असावी. कधीपासून, सांगता येत नाही.'

"आई, एवढं कशाला लिहितेस? कोण बघणारे?"

"पन्नास वर्षांनी बघेल कुणीतरी. बिचारा डोकं खाजवत बसेल, या टेकडीवर एवढी ऊब आली कुठून म्हणून." तिनं पेनाला टोपण लावलं. "सहा म्हणावंसं वाटलं होतं ना तुला?"

"वाटलं होतं."

"मग?"

"दिसले दोन."

"शहाणी आहेस." तिनं माझी कॉलर सरळ केली. शाळेतल्या पहिल्या बक्षिसालाही ती इतकं बोलली नव्हती.

पूर्वेकडच्या डोंगराची कड उजळली. रोज या वेळी आईचं तोंड पेटीत असायचं. आज ती वीट बाजूला सारून दगडावर बसली आणि मला शेजारी जागा केली. आधी नारिंगी कड दिसली, मग अर्धं बिंब, मग सगळंच सुटून वर आलं. आईनं घड्याळाकडे पाहिलं नाही.

"ते पत्र काढ वहीतनं," ती म्हणाली. "सही करते. उद्यापासून आकडा यंत्राचा. मी येईन, पण नुसती बघायला."